दहा मिनिटांचा थांबा

गोरवा, बडोदे
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. उत्कर्षला अनेक आशीर्वाद. (आईनं असंच लिहायला शिकवलं म्हणून लिहिते. आज मनात आशीर्वादाच्या जातीचं काहीही नाही.)

तू मला फोनवर ब्लॉक केलंस. तुझ्या बायकोला, हेतललाही करायला लावलंस. तेव्हा आता टपाल. सख्ख्या बहिणीचं टपाल अडवायची सोय अजून कुणी काढलेली नाही. गोरव्याहून हरणीला हे पत्र पोचायला तीन दिवस लागतील. तेवढ्या वेळात तुमच्या सोसायटीवरून उडणारं विमान दिल्लीला जाऊन सहा वेळा परत येईल. असू दे. माझा राग टिकाऊ आहे, वाटेत नासणार नाही.

कारण सांगते. आमच्या कारखान्यातल्या पीयूषचा मुलगा तुझ्या मितालीच्या शाळेत आहे. आज डबा खाताना त्यानं शाळेचं मासिक माझ्या पुढ्यात ठेवलं. "अहल्याबेन, आ तमारा भाई ज ने? सरस लख्युं छे हं!"

पाहिलं तर तूच. सूट घालून. 'लहान मुलांसोबत प्रवास : सात शैक्षणिक फायदे.' खाली पालक-प्रतिनिधी म्हणून तुझं नाव आणि शेजारी सिंगापूरच्या विमानतळावर धबधब्यासमोर उभी केलेली मिताली, चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा. सातही मुद्दे मी वाचले. तिसरा दोनदा वाचला. 'प्रवासात मुले अनपेक्षित प्रसंगांना तोंड द्यायला शिकतात आणि स्वावलंबी होतात.'

घास घशात अडकला, उत्कर्ष. पीयूषनं पाठीवर थापटलं.

त्या सिंगापुरात मिताली काय शिकली ते तिनं मला सांगितलंय. पाच दिवसांत लक्षात राहिलेली गोष्ट एकच : हॉटेलच्या लिफ्टमध्ये चार नंबरचं बटण नव्हतं. का नव्हतं हे तिनं तुला विचारलं. तू म्हणालास, आधी 'आज मी काय शिकले' लिही, वीस ओळी झाल्याशिवाय पोहायला जायचं नाही. पोरीनं वीस ओळी लिहिल्या. चौथ्या मजल्याचं काय झालं ते तिला अजून कळलेलं नाही. पुढच्या लेखात आठवा फायदा म्हणून घाल.

आणि माझ्याबरोबर डभोईला गेली ते काय होतं? तुझ्या शब्दांत 'जिवाशी खेळ'.

तू अण्णांचा मुलगा आहेस याची आठवण करून द्यावी लागते ही शरमेची गोष्ट. आपल्या सगळ्या खानदानात दिवाणखान्यात बसून फायली चाळणारे पुरुष. हाताला ग्रीस लावून घेणारे एकटे अण्णा. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात एकतीस वर्षं. वर्षाला तीन पास मिळायचे, आणि पासावर वाटेत कुठेही उतरता यायचं म्हणून ते आपल्याला उतरवायचे. गाडी थांबली की एकानं खाली उतरायचं, फलाटाच्या टोकाच्या पिवळ्या पाटीपर्यंत पळायचं, तळाशी बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती वाचायची आणि परत येऊन सांगायची. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबते ते अण्णांना तोंडपाठ असायचं आणि त्यांच्यामुळे मला. चौथीत भूगोलात मी वर्गात पहिली आले ती काही शाळेमुळे नाही.

तोच खेळ मी तुझ्या मुलीला शिकवला. मुद्दा तिसरा, स्वावलंबन. बारा जानेवारीला डभोईला ती उतरली, पाटी वाचली आणि तेवढ्यात गाडी सुटली. झालं इतकंच. मी पुढच्या स्टेशनवरून परत आले. चार मिनिटं ती फलाटावर एकटी होती, आणि शेजारच्या पेरूवालीनं दिलेला पेरू खात आरामात उभी होती. गाडी सुटल्यावर मी तरी काय करू शकणार होते?

त्या दिवसापासून तीन रविवार गेले. मिताली तीन वर्षांची असल्यापासून तिचा एकही रविवार माझ्याशिवाय गेला नव्हता. उत्तरायणाला गच्चीवर मी एकटी फिरकी धरून उभी होते. पन्नाशीची बाई, कुणाचाच पतंग नाही आणि हातात फिरकी. शेजारच्या गच्चीवरची पोरंसुद्धा "काप्यो छे" ओरडायची थांबून बघायला लागली.

मला माझा रविवार परत हवा आहे. विनंती नाही, मागणी आहे.

तुझी
ताई


गोरवा
मंगळवार, ११ फेब्रुवारी

उत्कर्ष,

पत्र परत पाठवायची ही तऱ्हा नवीन आहे. मी आठवडाभर उत्तराची वाट पाहते आहे आणि पाकिटातून माझंच पत्र बाहेर येतं, लाल पेनानं तपासलेलं! 'चार मिनिटं' खोडून वर 'बेचाळीस'. आणि 'मी तरी काय करू शकणार होते?' याच्या समासात एकच शब्द : 'साखळी?'

गुण किती दिलेस ते मात्र लिहिलं नाहीस.

बरं. बेचाळीस. तुला मितालीनं सांगितलं असणार. तिच्या मनगटावर तूच सिंगापुरात घेतलेलं घड्याळ होतं. पुढच्या स्टेशनवर उतरले तर परतीची गाडी दीड तासानं होती. बाहेर आले, एक तीनचाकी छकडा मिळाला, त्यात आधीच अकरा माणसं आणि एक शेळी. शेळीच्या मालकाशी भांडून पुढे बसले. बेचाळीस मिनिटं लागली. यात मी खोटं का बोलले? कारण बेचाळीस म्हटलं की तू पुढचं काही वाचणारच नाहीस, हे मला माहीत होतं. आणि बघ, वाचलं नाहीसच.

आता ऐक, चूक कुठे झाली. मी बेफिकीर नव्हते. मला माहीत होतं की डभोईला गाडी दहा मिनिटं थांबते. अण्णांची दहा मिनिटं! तेव्हा छोटी गाडी होती. डभोईला चार दिशांच्या गाड्या मिळायच्या, इंजिन पाणी प्यायचं, ड्रायव्हर चहा प्यायचा, गार्ड बायकोला चिठ्ठी धाडायचा. आता रूळ रुंद झाले, विजेची गाडी आली आणि थांबा राहिला दोन मिनिटांचा. हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. रेल्वेवाल्याच्या मुलीनं थांबा विचारायचा असतो का? कारखान्यात मी दिवसभर मायक्रोमीटर लावून बसते, बुशचं माप शतांश मिलिमीटरनं चुकलं तर मालाची सगळी पेटी परत पाठवते. आणि मेलेल्या बापाच्या टाइमटेबलवर तुझी मुलगी खाली उतरवली. घे, लिहून दिलं. फ्रेम करून लाव.

भीतीबद्दलही एक लिहिते, म्हणजे मी दगड आहे असं वाटायला नको. तुमच्या घरापासून तलाव किती जवळ आहे हे मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी जानेवारीत तिथे शाळेच्या सहलीची होडी बुडाली तेव्हापासून बडोद्यातला कुठलाही बाप मुलाला सहलीला पाठवताना दारातच घुटमळतो. तू घुटमळलास तर मी कधी हसणार नाही. पण मग घुटमळ! मासिकात सात फायदे कशाला छापतोस? भीती घरात आणि स्वावलंबन मासिकात, ही कुठली रे वाटणी?

साखळीपर्यंत माझा हात पोचत नव्हता. गर्दी होती.

आणि लाल पेन ठेवून दे. तू काही शाळा-तपासनीस नाहीस. आपले पणजोबा होते, आणि त्यांनाही गावोगाव लोक टाळायचे.

अहल्या


गोरवा
सोमवार, २४ फेब्रुवारी

उत्कर्ष,

काल भर साखरपुड्यातून तू उठून गेलास. आपल्या शुभंकरच्या सासरची साठ माणसं बघत होती. पुरणपोळी अर्धी टाकून, हेतलला खूण करून, मितालीला दंडाला धरून. विश्वासरावकाका मला म्हणाले, "त्याला काय चावलं गं?" मी म्हटलं, काका, सिंगापूरचा डास. लोक हसले. लोकांना मी हसवू शकते. तेवढं एक मला येतं.

तुला कशाचा राग आला ते मला माहीत आहे. काकांनी फर्माईश केली, "अहल्या, ती अमळनेरची गोष्ट सांग." ते दर कार्याला करतात. तुझ्या लग्नात केली होती, मितालीच्या बारशाला केली होती. मी सांगितली. हजारदा सांगितलेली गोष्ट. एक्याण्णवचा मे महिना, आपण पासावर आजोळी जळगावला निघालोय, सात वर्षांचा उत्कर्ष अमळनेरला पाटी वाचायला उतरतो आणि गाडी सुटते. अण्णा पुढच्या स्टेशनवरून उलट्या गाडीनं तीन तासांनी परत येतात, बघतात तर काय, युवराज स्टेशनमास्तरच्या खुर्चीत, स्टेशनमास्तरचा डबा खाऊन पुसून लख्ख केलेला, आणि अण्णांना बघताच उभं राहून सलाम ठोकून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतात. दशांशासकट! आणि खाली चड्डी...

चड्डीचा भाग मी काल घालायला नको होता. बरं? नको होता. पण तो नेहमी असतो. लोक त्याच जागी सगळ्यात जास्त हसतात. आणि सात वर्षांच्या पोराच्या ओल्या चड्डीचा चाळीस वर्षांच्या माणसाला अपमान वाटावा? तू बँकेत एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहेस, तुझ्या सहीनं कारखाने उभे राहतात, आणि एका चड्डीनं तू आडवा? मला चार शब्द सुनवायचे होते तर तिथेच सुनवायचे. मी काही पळून गेले नसते. भांडायचं सोडून लाल पेन आणि पाठ! तुझ्याशी भांडण करायचं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळायचं.

आणि मितालीला माझ्याशी बोलू दिलं नाहीस. तीन टेबलं पलीकडे बसवलीस. ती सहा आठवड्यांत उंच झाली आहे. पुढचा दात पडलाय. कुणाला सांगितलं तिनं, दात पडल्याचं? पहिले दोन माझ्या हातावर ठेवले होते तिनं.

एक गोष्ट लिहायची राहिली. लिहू की नको असं सकाळपासून चाललंय.

गोष्ट संपली तेव्हा सगळा हॉल हसत होता. मी नेहमी शेवटी सगळ्यांच्या तोंडाकडे बघते. सवय आहे, कुणी हसलं नसेल तर त्याच्यासाठी अजून एक वाक्य राखून ठेवलेलं असतं. मिताली हसत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. ती तुझ्याकडे बघत होती.

मी राखलेलं वाक्य बोलले नाही.

बाकी तू उठून जायला नको होतंस, हे माझं म्हणणं कायम आहे.

अहल्या


डभोई स्टेशन, फलाट
रविवार, २ मार्च, दुपार

उत्कर्ष,

गेल्या पत्राला लाल पेन आलं नाही. काहीच आलं नाही. त्यापेक्षा पेन बरं होतं.

मी डभोईला आले आहे. एकटी. पिवळ्या पाटीखाली उभी आहे, पाठीशी पाटीचा खांब, वही पर्सवर टेकवून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येईल. माझी गाडी सुटली ती अकरा बावीसला. बारा वाजून चार मिनिटांपर्यंत इथून हलायचं नाही असं ठरवलंय. बसायचंही नाही.

पहिल्या पाच मिनिटांत वाटलं, यात काय आहे? मस्त ऊन आहे, एक कुत्रं आहे. नवव्या मिनिटाला गाडी गेली त्या दिशेला बघायला लागले. परत बघायचं नाही असं ठरवलं आणि परत बघितलं. रूळ फार सरळ आहेत इथे. काहीही येत नसलं की ते खूप लांबपर्यंत दिसतं. चौदाव्या मिनिटाला एक माणूस विनाकारण दोनदा माझ्या जवळून गेला. मी पन्नास वर्षांची आहे, हातात छत्री आहे, तरी पर्स घट्ट धरली.

विसाव्या मिनिटाला ती पेरूवाली आली. टोपली खाली ठेवली, माझ्याकडे निरखून बघितलं.

"तमे पेली छोकरीनां फोई ने? छोकरी क्यां?"

म्हटलं, हो, मीच तिची आत्या. ती घरी आहे. तिच्या बापाकडे.

"बहु डाही छोकरी. में जामफळ आप्युं, पण खाधुं नहीं. मुठ्ठीमां पकडीने ऊभी रही. में कह्युं, बेटा, बेस. तो कहे, फोईए कह्युं छे, हलवानुं नहीं."

तेव्हा पहिल्या पत्रातला तो 'पेरू खात आरामात' खोडायचा राहिला तुझ्याकडून. लाल पेन तुझ्याकडे आहेच. खाल्ला नव्हता. मला ते त्याच दिवशी माहीत होतं. कसं, ते सांगते. आता एकदम सगळं सांगते, नाहीतर तू एकेक शब्द समासात लिहून माझ्याकडून सहा महिने काढून घेशील.

गाडी डभोईला थांबली तेव्हा मी तिला म्हटलं, "जा तू, मी खिडकीतून बघते." बघितलं नाही. समोरच्या बाकावर एक बाई होत्या, मराठी निघाल्या, दांडिया बाजारच्या. त्यांना मी गोष्ट सांगत होते. कुठली, ते विचारू नकोस. तुला कळलंय. अमळनेरची. त्या हसून हसून डोळे पुसत होत्या आणि मी चड्डीपर्यंत आले होते. गाडी हलली तेव्हा मी हात वर करून म्हटलं, "थांबा, पुढे ऐका."

साखळी माझ्या डोक्याच्या वीतभर वर होती. गर्दी नव्हती. हात घातला होता मी तिला, धातू गार लागला हेही आठवतं. ओढली नाही. आपल्या घरात साखळीला हात लावत नाहीत. अण्णा म्हणायचे, साखळी ओढतात ती गाडी न समजणारी माणसं. आणि त्या बाईंसमोर मी नुकतीच रेल्वेवाल्याची मुलगी म्हणून अर्धा तास मिरवले होते. उत्कर्ष, मला लाज वाटली. साखळी ओढायची लाज. तुझी मुलगी खिडकीतून लहान होत जाताना मला दिसत होती आणि मी लोक काय म्हणतील याचा विचार करत होते. वाक्य लिहून बघितलं. कागदावर जास्तच वाईट दिसतं.

परत आले तेव्हा ती अशीच, इथेच, पाटीला पाठ लावून उभी होती. मी धावत गेले. ती हलली नाही. आधी तिनं उंचीचा आकडा सांगितला. मोठ्यानं. दशांशासकट. आणि मी हसले.

सुटकेचं हसू होतं, असं मी स्वतःला सात आठवडे सांगते आहे. असेलही. पण मी हसले, आणि तिनं तो पेरू मला फेकून मारला. इथे, गळ्याच्या हाडाशी. कच्चा होता. मग ती रडली. आणि घरी येऊन तिनं तुला गाडीचं सांगितलं नसणार, बेचाळीस मिनिटांचंही तू विचारल्यावर सांगितलं असणार. पहिल्यांदा सांगितलं असेल, "आत्या हसली." म्हणूनच ब्लॉक केलंस ना? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुझ्याशी गाडीबद्दल भांडत राहिले कारण गाडीबद्दल माझ्याकडे बोलायला काहीतरी होतं.

तेहतिसावं मिनिट. पाय दुखतायत.

आता तुझं. आणि इथे मी परत चिडणार आहे, तयार राहा. अमळनेरला तुझ्याबरोबर उतरायचं काम माझं होतं. अण्णांनी मला सांगितलं होतं, धाकट्याचा हात सोडू नकोस. मी सोळा वर्षांची, हातात मासिक, कथेचं शेवटचं पान. म्हटलं, "जा तू, मी खिडकीतून बघते." तेच वाक्य बघ. चौतीस वर्षांत शब्दसुद्धा बदलला नाही मी. तीन तासांनी आम्ही सगळे परत आलो, तू आकडा सांगितलास, आणि पहिली हसणारी मी होते. मी हसले म्हणून अण्णा हसले, आई हसली, आणि मग ती गोष्टच झाली. गोष्ट झाली की गुन्हा राहत नाही, मजा राहते. तिच्यात मी कुठेच नाही, बघितलंस? एवढ्या वेळा सांगितली. मासिक वाचणारी मुलगी मी एकदाही घातली नाही. डबा मात्र घातला. तू तो डबा खाल्ला होतास का रे? की तोही मीच वाढला?

पण तू! चौतीस वर्षं गप्प? प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ताटाकडे बघत बसलास. एकदा, एकदाच म्हणायचंस, "ताई, पुरे." मी काय तोफखाना होते? म्हटलं असतंस तर डभोईच्या गाडीत माझ्या तोंडात ती गोष्ट नसती. मी खिडकीबाहेर बघत असते. याचा मला राग आहे आणि तो मी मागे घेणार नाही. माझा गुन्हा माझा. तुझं मौन तुझं. मौनाला सात फायद्यांत कुठे बसवशील ते बघ.

आणि आठवा फायदा, तुझ्या मासिकासाठी, फुकट : प्रवासात मुलांना कळतं की मोठी माणसं 'बघते' म्हणतात तेव्हा बघत नसतात. तू हे सातव्या वर्षी शिकलास. म्हणून तिला तू हात धरूनच सिंगापूर दाखवलंस, धबधब्यापासून चार फुटांवर उभं केलंस आणि पुढचे सगळे मुद्दे कागदावर ठेवलेस. हे मला आज, इथे, पाय दुखायला लागल्यावर समजलं. मायक्रोमीटर घेऊन बसणाऱ्या बाईला.

एक्केचाळीस. पेरूवालीनं एक पेरू दिला. हातात आहे.

रविवार मागत नाही आता. मागणी मागे.

ताई


गोरवा
रविवार, ९ मार्च, सकाळी १०.१०

उत्कर्ष,

घाईत लिहिते आहे. बेल वाजली, दार उघडलं तर मिताली. एकटी. तीन जिने एकटी चढून आलेली, धापा टाकत, हातात पाकीट. गॅलरीतून पाहिलं तर तू खाली गाडीत, इंजिन चालू.

मी म्हटलं, "ये, बस."

म्हणाली, "बाबांनी दहाच मिनिटं दिलीत. घड्याळ लावलंय." आणि मनगट पुढे केलं. "आणि आत्या, आज तू हसायचं नाही."

म्हटलं, नाही हसत.

"थोडं चालेल," म्हणाली, "मी सांगीन तेव्हा."

पाकिटात माझं डभोईचं पत्र. सगळी पानं उलटून पाहिली. लाल पेन दोनच ठिकाणी. 'तीन तासांनी' खोडून 'पावणेचार'. आणि डब्याच्या प्रश्नापुढे : 'नाही. त्यांनी दिला होता. उघडता आला नाही.'

पावणेचार. मी चौतीस वर्षं तुझा पाऊण तास कमी सांगत आले.

डबा मी गोष्टीतून काढला. गोष्टच काढली. विश्वासरावकाकांनी पुढच्या कार्यात फर्माईश केली तर मी म्हणेन, ज्याची आहे त्याला विचारा. तू सांगितलीस तर ऐकेन. सगळी, मासिकासकट. नाही सांगितलीस तर पुरणपोळी वाढायला उठेन.

रागाचं म्हणशील तर अजून आहे. तुझ्यावर थोडा, स्वतःवर जास्त, आणि त्या तिसऱ्या मुद्द्यावर पूर्वीइतकाच. तो मासिकातून काढू नकोस. पण आज तू मुलीला एकटीला तीन जिने चढवलंस ते त्या लेखापेक्षा बरं लिहिलंस.

मितालीनं चौथ्या मजल्याबद्दल विचारलं. लिफ्टमध्ये बटण का नव्हतं ते. मी म्हटलं, मला माहीत नाही, बाबांना विचार, आणि उत्तर मिळाल्याशिवाय एकही ओळ लिहू नकोस. तिनं पडलेला दात कागदात गुंडाळून आणला होता, तो माझ्याकडे ठेवलाय. पेरू दिला, पिकलेला आहे. खाल्ला.

ती म्हणते आठ मिनिटं झाली. गाडी न समजणारी माणसं साखळी ओढतात, मी आता कुठल्याही गाडीत पहिल्यांदा साखळी कुठे आहे ते बघणार आहे, आणि थांबा स्टेशनमास्तरला विचारणार आहे. पुढच्या रविवारचं तू काही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

नऊ मिनिटं. हे पत्र तिच्याच हातात देते. ती एकटी जिना उतरेल. मी वरून बघते आहे. तू खालून बघ.

ताई